मामा, काका आणि कायदा

बोलणं आटोपशीर ठेवा असं मला आधीच बजावलंय. लोकल चुकली की उंबरमाळीच्या फलाटावर डास मारत बसावं लागतं, हे मी अनुभवलेलं आहे. तेव्हा सरळ विषयावर येतो.

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘ग्रीक शोकांतिकेतील सदसद्विवेक, कुटुंबधर्म आणि राज्याचा कायदा’. नाव वाचूनच काही मंडळी चहाच्या टपरीवर थांबली असणार. पण हे प्रकरण आपल्या सातबाऱ्याइतकं जवळचं आहे, बघा.

सॉफोक्लीजचं ‘अँटिगनी’ हे नाटक इसवी सनापूर्वी 441 च्या सुमाराचं. थीब्ज शहराच्या गादीसाठी दोन सख्खे भाऊ लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. एक शहर राखताना मेला, दुसरा परक्यांची फौज घेऊन आला होता. नवा राजा क्रिऑन हुकूम काढतो की पहिल्याला सन्मानानं पुरा आणि दुसऱ्याला उघड्यावर टाका, जो माती देईल त्याला मरण. त्यांची बहीण अँटिगनी माती देते. पकडली जाते, नाकारत नाही. तुझा हुकूम कालचा, देवांचे अलिखित नियम कधीपासूनचे ते कुणालाच माहीत नाही, असं राजाला तोंडावर सुनावते. तिला जिवंतपणी गुहेत कोंडतात. ती गळफास घेते. तिचा वाग्दत्त वर, म्हणजे राजाचाच मुलगा, तिच्याशेजारी जीव देतो आणि ते कळल्यावर राणीही.

कॉलेजच्या गाइडात याचं एका ओळीत उत्तर असतं, ‘व्यक्ती विरुद्ध राज्यसत्ता’. हेगेल जरा पुढे गेला. तो म्हणाला, दोघंही बरोबर आहेत आणि दोघंही अपुरे आहेत. ठीक आहे. पण मराठी माणूस म्हणून नाटक वाचताना मला पहिली गोष्ट खटकली ती वेगळीच. क्रिऑन हा योकास्टाचा भाऊ. म्हणजे अँटिगनीचा कोण? मामा! आणि ज्याच्याशी तिचं लग्न ठरलंय तो मामेभाऊ. (आपल्याकडे मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही. हे नेमकं उलटं आहे, ते सोडा.) ‘राजा आणि बंडखोर’ म्हटलं की नाटक लांब जातं. ‘मामा आणि भाची’ म्हटलं की ते माजघरात येतं. आपल्या बोलीत मामा म्हणजे लाड, सुट्टीतलं आजोळ. त्या मामानं भाचीला कोंडावं, हा घाव आपल्याला अनुवादाशिवाय कळतो.

आता मामाकडून काकाकडे येऊ. कारण मराठी रंगभूमीवर या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं नाटक काकाचं आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’, 1909 सालचं. 30 ऑगस्ट 1773 ला, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. वय अवघं अठरा. संशयाचा काटा सख्खा काका रघुनाथराव याच्यावर, आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्याला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. प्रभातच्या 1944 च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटामुळे हा प्रसंग आजोबांच्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे. खाडिलकरांनी लिहिलं तेव्हा सुरतेची 1907 ची जहाल-मवाळ फूट ताजी होती, त्यामुळे प्रेक्षकाला ‘भाऊबंदकी’ हा शब्द कुठे लागत असेल ते वेगळं सांगायला नको.

दोन्ही नाटकं शेजारी ठेवा. ग्रीक नाटकात विवेक घरातून उठतो आणि कायद्याला आव्हान देतो. आपल्या नाटकात विवेक न्यायासनावर बसलाय आणि घराला जाब विचारतोय. कारण पेशवाईत राज्य हेच एक घर होतं! काकानं पुतण्याचा जीव घेतला तर तो कुटुंबातला गुन्हा की राजद्रोह? दोन्ही. म्हणून तिथे बहिणीनं नव्हे, शास्त्र्यानं उभं राहायचं.

आणखी एक जागा फार बोलकी आहे. ‘ध’चा ‘मा’. पत्रात ‘धरावे’ होतं, आनंदीबाईनं ‘मारावे’ केलं, ही आख्यायिका. इतिहास म्हणून ती घेऊ नका, पण लोकांनी ती दोनशे वर्षं का जपली ते बघा. अँटिगनीचा भरवसा न लिहिलेल्यावर आहे. आपली कथा सांगते की लिहिलेलं एका अक्षरानं फिरवता येतं.

आता माझी तक्रार. रामशास्त्र्यांचा प्रवेश कितीही वेळा पाहिला तरी अंगावर काटा येतो, मान्य. तरी न्यायसभा म्हणून ‘भाऊबंदकी’ मोठं वाटतं, शोकांतिका म्हणून थोडं कमी. का? रामशास्त्री निघून जाऊ शकतात. गेलेही, पुणं सोडलं, पुढे बारभाईंच्या कारभारात सन्मानानं परत आले. अँटिगनीला जायला दुसरं गाव नाही. मारणारा राजा तिच्याच रक्ताचा, पुरायचा मुडदा तिच्याच रक्ताचा. शास्त्र्यांचं त्या घरात रक्त अडकलेलं नाही. रक्त अडकलं होतं गंगाबाईचं, नारायणरावाच्या गरोदर बायकोचं. तिचा मुलगा सवाई माधवराव 1774 च्या एप्रिलात पुरंदरावर जन्मला. आपल्या अँटिगनीची जागा तिची होती. नवऱ्याच्या देहाचं काय झालं, हे विचारणारी बाई आपल्या नाटकाच्या मधोमध उभी राहिली नाही.

अर्थात अँटिगनीलाही देव्हाऱ्यात बसवू नका. मरायला जाताना ती एक विचित्र गोष्ट बोलते. नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं, नवरा दुसरा मिळेल, मूल दुसरं होईल, आईबाप गेलेत म्हणून भाऊ मात्र पुन्हा होणार नाही. ग्योथेला हे इतकं खुपलं की, या ओळी सॉफोक्लीजच्या नाहीत असं कुणीतरी सिद्ध करावं, असं त्याला वाटत होतं. मला त्या ओळी हव्यात. देवांचा सार्वत्रिक नियम सांगणारी मुलगी शेवटी कबूल करते की, माझा नियम एका भावापुरता आहे. इतकी खरी कबुली व्यासपीठावरून सहसा ऐकू येत नाही.

आणि इथेच मला माझी आत्या आठवते. आमच्याकडची जमीन रस्त्यात गेली. मोबदला यायचा म्हणून वारसांची नावं लागली. 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मानं वाटा दिलाय, आणि बाप 2005 ला हयात नसला तरी तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय. कायदा आत्याच्या बाजूचा. तरी ती दुय्यम निबंधकाच्या बाकावर बसून हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन आली. का, म्हणून विचारलं. म्हणाली, “माहेर राहिलं पाहिजे रे. दिवाळीला कोण बोलवेल?” भावासाठी अँटिगनी हुकूम मोडते, आत्यानं हक्क सोडला. दोघींच्या मागे तोच अलिखित नियम आहे, भावाचा.

इथल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली घरांत तर गोष्ट अजून पुढची. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 2(2) मुळे तो अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, तिथे रूढीकडे बघितलं जातं. रूढी म्हणजे अलिखितच. थीब्जमध्ये अलिखित नियम एका मुलीच्या तोंडी होता, म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. इथे तो कुणाच्या तोंडी आहे, हे या सभागृहातल्या बायकांनीच सांगावं. नाटकातल्या वृद्धांचा कोरस बराच वेळ राजाची री ओढतो आणि आंधळा टायरेसियस येऊन इशारा देऊन गेल्यावर म्हणतो, सोडवा पोरीला. तोवर उशीर झालेला असतो. गावकीतल्या ज्येष्ठांनी रागावू नये, पण तो कोरस मला फार ओळखीचा वाटतो.

माझं बोलणं इथे थांबवतो. मागच्या रांगेतल्या मावशी मघापासून हात वर करतायत. माइक त्यांच्याकडे द्या.