‘सुंदर संगम’ हे उत्तर नाही: टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसवर काहीही वाचायला घ्या, भारतीय आणि युरोपीय शैलींचा सुंदर संगम अशा अर्थाचं वाक्य हमखास भेटतं. ते खोटं नाही. पण ते नुसतं वर्णन आहे आणि आपण त्यालाच कारण समजून पुढे जातो. प्रपोजल लिहिताना हीच सवय नडते.

आता पॅलेसच्या शेजारी टाऊन हॉल ठेवून बघा. टाऊन हॉल १८७२ ते १८७६ मधला, पॅलेस १८७७ ते १८८४ मधला. आर्किटेक्ट एकच: मेजर चार्ल्स मँट. शहर तेच, काळा दगडही तोच. तरी टाऊन हॉलला उतरतं छप्पर आणि टोकदार मनोरे, थेट गॉथिक वळणाचे. पॅलेसवर मात्र घुमट, छत्र्या, नक्षीदार कमानी. म्हणजे आर्किटेक्टची आवड किंवा दगड हे या फरकाचं कारण ठरत नाही. मग बदललं काय? दोन गोष्टी: इमारत कशासाठी आणि कोणासाठी.

यातली कोणती महत्त्वाची? तिसरी केस घ्या. अजमेरचं मेयो कॉलेजही मँटचंच. ती शाळा, म्हणजे सार्वजनिक वापराची इमारत. तरी तिचं रूप टाऊन हॉलसारखं नाही, पॅलेसच्या जवळचं आहे. कारण ती राजपुत्रांसाठी होती. ‘कोणासाठी’चं पारडं इथे जड होतं. तीन केसेसवर सिद्धांत उभा राहत नाही, पण चांगला प्रश्न नक्की उभा राहतो.

आणि कोल्हापुरात तो प्रश्न साधा नाही. पॅलेसचं काम सुरू झालं तेव्हा गादीवर अल्पवयीन चौथे शिवाजी महाराज होते. सत्ता ब्रिटिश पोलिटिकल एजंटच्या देखरेखीखाली होती. पुढे कारभारी माधवराव बर्व्यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात गेले. डिसेंबर १८८३ मध्ये महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात मृत्यू झाला. पॅलेस पूर्ण झाला तो त्याच्या पुढच्या वर्षी. ज्या राजाच्या हातात कारभार नव्हता, त्याच्या काळात ‘राजेशाही’ दिसणारी इमारत उभी राहत होती. ‘संगम’ म्हटलं की हे सगळं बाजूला पडतं.

म्हणूनच मला पॅलेसपेक्षा टाऊन हॉल सरळ वाटतो. तो परका आहे आणि परकाच दिसतो. पॅलेसचे तपशील देशी, पण मधोमध, सगळ्यात उंच, अष्टकोनी मनोऱ्यावर घड्याळ! ते कचेरीच्या इमारतीला जास्त शोभलं असतं. कोरीवकाम अप्रतिम आहे, यात वादच नाही. पण रचनेचा कणा आणि वरचा पोशाख एकमेकांशी बोलत नाहीत.

दर्शनी भागाने आतली गोष्ट झाकणं ही काही फक्त संस्थानांची युक्ती नव्हे. १८२० च्या दशकात लंडनच्या बेझवॉटर भागात जॉन क्लॉडियस लाउडनने एक जोडघर बांधलं. आत दोन स्वतंत्र घरं, मध्ये सामाईक भिंत. रस्त्यावरून मात्र एकच ऐसपैस बंगला वाटावा अशी मांडणी. एका भागात तो स्वतः राहायचा. अशा घरांवर ‘रीजन्सी’ असं लेबल लावलं की गुळगुळीत गिलावा आणि नेटके प्रमाण दिसतं. मध्यमवर्गाला परवडणाऱ्या खर्चात बंगल्याची ऐट हवी होती, ते दिसत नाही.

तेव्हा तुमचं प्रपोजल उघडा आणि त्यातली लेबलं अधोरेखित करा: ‘प्रभाव’, ‘संगम’, ‘आधुनिक’, ‘पारंपरिक’. प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहा. तुलना कशाशी? त्या तुलनेत काय कायम आहे आणि काय बदललं? कोणता पुरावा सापडला तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सुचत नसेल तर ते लेबल काढून टाका आणि वाक्य नव्याने लिहा.