टिळकांचे ख्रिस्ती अभंग आणि 'यात नवीन काय?' हा प्रश्न



पीएचडीचा विचार सुरू केला की एक शब्द तुमच्या मागे लागतो: मौलिक. संशोधन मौलिक हवं, योगदान मौलिक हवं. मुलाखतीतला "यात नवीन काय?" हा प्रश्न म्हणजे तोच शब्द साध्या भाषेत. आज तो प्रयोगशाळेबाहेर तपासू. नमुना आहे गाण्यांचा.

गिटार घेऊन स्वतःची ख्रिस्ती गाणी रचणारे फोक-रॉकवाले तुम्ही ऐकले असतील. बॉब डिलनचा 'स्लो ट्रेन कमिंग' १९७९ चा, सुफयान स्टीव्हन्सचा 'सेव्हन स्वान्स' २००४ चा. लोकांच्या ओळखीचा साचा, जुनी श्रद्धा आणि स्वतःचे शब्द. आपल्याकडे हे काम रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलंय. गिटारच्या जागी टाळ आणि अल्बमच्या जागी 'अभंगांजली', एवढाच फरक.

थोडी पार्श्वभूमी. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची बरीच वर्षं अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. आजच्या भाषेत सांगायचं तर शेवटी ते 'इंडिपेंडंट' झाले.

आता प्रश्न: त्यांच्या ख्रिस्ती अभंगांत नवीन काय?

पहिलं उत्तर सगळेच देतात: त्यांनी ख्रिस्ती गाणं मराठी साच्यात आणलं. हे उत्तर टिकतं का, बघू.

आधी अडचण समजून घ्या. नगरला मिशनरी हेन्री बॅलंटाइन यांनी एकोणिसाव्या शतकात पुष्कळ मराठी ख्रिस्ती गीतं केली, पण पाश्चात्त्य चालीवर मराठी शब्द बसवणं सोपं नाही. इंग्रजी गीत आघातावर चालतं: एक अक्षर हलकं, पुढचं जोरात. मराठी छंद ऱ्हस्व-दीर्घाच्या वजनावर किंवा अक्षरांच्या मोजणीवर चालतात. त्यामुळे शब्द परक्या चालीत घातला की ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं आणि जोर भलत्याच ठिकाणी पडतो. अभंगात हा त्रास नाही. मोठ्या अभंगात चार चरण, पहिल्या तिनांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. गावातल्या कुणालाही तो शिकवावा लागत नाही.

म्हणजे अडचण खरी होती. पण ती सोडवणारे टिळक पहिले होते का? नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचलं आणि ते १६१६ मध्ये गोव्यात राशोल इथे छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! नगरमध्येच कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ती कीर्तनं सुरू केली होती.

अजून एक नमुना घ्या, याला आपला कंट्रोल म्हणू. आमच्या पनवेलमध्ये बेने इस्रायली समाजाचं बेथ एल सिनेगॉग आहे. या समाजानेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठीत कीर्तनं रचली, त्यांच्या धर्मग्रंथांतल्या कथांवर. साचा तोच, धर्म वेगळा. म्हणजे हा साचा त्या काळी ज्याला हवा त्याला उपलब्ध होता. तेव्हा 'मराठी साचा वापरला' हे टिळकांचं मौलिक योगदान म्हणता येत नाही. पहिलं उत्तर बाद.

इथे बरेच विद्यार्थी गडबडतात. त्यांना वाटतं, पद्धत आधीची निघाली म्हणजे कामात काही उरलं नाही. थांबा.

स्टीफन्स गोष्ट सांगतात, कीर्तनकारही आख्यान सांगतो. दोघेही श्रोत्याला ख्रिस्ताबद्दल सांगतात. टिळक अनेक अभंगांत ख्रिस्ताशीच बोलतात. त्याला 'माउली' म्हणतात. या शब्दाचं वजन बघा. वारकऱ्याने विठ्ठलाला आणि ज्ञानेश्वरांना दिलेलं नाव ते उचलतात आणि त्याबरोबर त्या नात्यातली जवळीकही येते. पाश्चात्त्य उपासनेत 'प्रभू' आणि 'पिता' हे शब्द पुढे असतात. इथे देव आई होतो. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं टिळकांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. ते या गाण्यांत दिसतं. अभंगाबरोबर बोलण्याची रीतही आली आणि तिने आतला आशय बदलला. माझ्या मते नवीन आहे ते हे.

'सेव्हन स्वान्स'मध्येही असंच घडतं. 'टू बी अलोन विथ यू' या गाण्यातला 'तू' प्रियकर की ख्रिस्त, हे ऐकणाऱ्याला चटकन ठरवता येत नाही, आणि गाण्याची ताकद तिथेच आहे. उलट 'स्लो ट्रेन कमिंग'मध्ये डिलन बऱ्याचदा इशारे देतो. वाद्यवृंद उत्तम आहे, पण श्रोत्याला समोर बसवून प्रवचन चाललंय असं वाटतं.

आता टिळकांची उणी बाजू. तुकाराम देवाशी भांडतात, त्याला टाकून बोलतात, त्यांच्या अभंगांत दुष्काळ, कर्ज आणि घरातली कटकट येते. टिळकांच्या अभंगांत शरणागती भरपूर आणि भांडण फार कमी. भाषाही कधीकधी जरा जास्तच नीटनेटकी होते. आणि हे खटकतं, कारण गाणारी मंडळी कोण होती ते आठवा. नगरकडच्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतून आलेले होते. चोखोबांना देवळाबाहेर उभं राहावं लागलं, तोच अभंग आता हे लोक उपासनेच्या जागेत आत बसून गात होते. ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्यांची भूक, त्यांचा राग टिळकांच्या शब्दांत पुरेसा उतरला नाही. तुकारामांचा पूल घेतला, त्यावरची धूळ मागे ठेवली, असं मला वाटतं.

तरी ही गाणी टिकली. मराठी चर्चमध्ये आजही टिळकांची गीतं म्हटली जातात. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, ती एकदा ऐका. डोळ्यांनी वाचून अभंगाचं काम कळत नाही.

आणि तुमच्या संशोधन प्रस्तावासाठी यातून तीन प्रश्न घ्या. एक, तुमच्या आधी तीच पद्धत कुणी वापरली, आणि तुम्ही ते नाव घेऊन सांगितलंय का? दोन, तीच पद्धत दुसऱ्या नमुन्यावर लावली तर काय दिसतं? तीन, पद्धत उसनी घेतल्यावर तुमच्या प्रश्नात काय बदललं? नुसता नमुना बदलला असेल तर काम कच्चं आहे. प्रश्न बदलला असेल, तर पद्धत चारशे वर्षं जुनी असली तरी "यात नवीन काय?" याला तुमच्याकडे उत्तर आहे.