फारॉसचा दीपस्तंभ व सॉस्ट्रॅटसचें नांव

अलेक्झांड्रियासमोरील फारॉस बेटावरचा दीपस्तंभ इ. स. पू. २८० च्या सुमारास, दुसऱ्या टॉलेमीच्या अमदानींत पुरा झाला. त्याच्या पूर्वेतिहासांत एक आख्यायिका इतकी रुजली आहे कीं, ती इतिहासच समजली जाते. सॉस्ट्रॅटस नामक शिल्पकारानें आपलें नांव दगडांत कोरून त्यावर गिलावा दिला व वर राजाचें नांव लिहिलें. कालांतरानें गिलावा गळून मूळ नांव प्रकट झालें, अशी ती कथा. तिचें प्रामाण्य तपासणें अवश्य आहे. कारण तिच्यामुळें एका प्रतिष्ठित पुरुषावर कपटाचा आरोप कायम होतो.

कथेचा आधार लूशियन. तो इ. स. च्या दुसऱ्या शतकांतला, म्हणजे स्तंभानंतर सुमारें साडेचारशें वर्षांनीं झालेला. शिवाय इतिहास कसा लिहावा, या निबंधाच्या अखेरीस, लेखकानें विद्यमान राजांच्या स्तुतीपेक्षां भावी वाचकांवर दृष्टि ठेवावी, हें ठसविण्यासाठीं तो ती सांगतो. मीमांसकांच्या परिभाषेंत हा अर्थवाद होय. त्याचें तात्पर्य उपदेशांत आहे, वृत्तांत नाहीं.

लूशियनपूर्वीं प्लिनी नेमकें उलट लिहितो : राजानेंच उदारपणें सॉस्ट्रॅटसचें नांव कोरूं दिलें. या विरोधांत तिसरी साक्ष निर्णायक ठरते. मेंफिस येथें सांपडलेला व १८७९ सालीं प्रसिद्ध झालेला एक पपायरस इ. स. पू. दुसऱ्या शतकांतला आहे. त्यांतील पोसिडिप्पस कवीच्या पद्यांत डेक्सिफॅनीसपुत्र सॉस्ट्रॅटसचा उल्लेख उघड आहे. हा कवि स्तंभाच्या उभारणीच्याच काळचा. ज्याचें कर्तृत्व समकालीन कवि उजळ माथ्यानें गातो, त्यास नांव लपविण्याचें प्रयोजनच उरत नाहीं.

मात्र सॉस्ट्रॅटस शिल्पकार होता, हेंही निर्विवाद मानूं नये. प्लिनी त्यास शिल्पकार म्हणतो खरा. पण स्ट्रेबो त्यास राजांचा स्नेही म्हणून, त्यानें स्तंभ अर्पण केला, एवढेंच सांगतो. डेलॉस येथील लेखांतही तो राजदरबारीं वजन असलेला पुरुष म्हणूनच दिसतो. आपल्या शिलालेखांतील ‘कृतम्’ व ‘कारितम्’ यांचा भेद जाणणाऱ्यास यांतील मर्म सहज कळेल. पोसिडिप्पसचें ‘उभारला’ या अर्थाचें क्रियापद दोन्ही पक्षांस अनुकूल आहे. सबब ‘अर्पणकर्ता’ हाच शब्द तूर्त निर्दोष होय.

सदर पपायरस म्हणजे निरनिराळ्या कवींचे वेंचे उतरून घेतलेलें एक टिपणवजा बाड. ज्या फुटकळ पानांस आपण पुष्कळदां रद्दी मानतों, तसल्याच एका पानानें दोन हजार वर्षांनंतर एका मनुष्यावरील कलंक धुऊन काढला, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.