विषय होता, बाग नव्हती
मंडळी, आपल्या आटपाडीचा पोरगा बी.एस्सी. होतो. जिवाणूंवर पेपर लिहितो, मार्कही मिळवतो. पण घरच्या डाळिंबावर तेल्या आला, की बापलेक दोघंही औषधाच्या दुकानदारालाच विचारतात. आता तेल्या हा जिवाणूचाच रोग! म्हणजे अभ्यासक्रमात विषय होता, बाग नव्हती.

२०२० च्या धोरणानं पदवीला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ जोडलं, चांगलंच झालं. पण ओळखीच्याकडून सही-शिक्का आणून ते उरकणार असेल, तर काय उपयोग? कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. आपण त्याला फीची सोय समजलो. श्रम हाही अभ्यास आहे, हे विसरलो. गलाईला परमुलखात गेलेली आपली पोरं सोनं गाळून पारखतात. आपण पदवी कशात पारखतो?