जुलैत बघायची घरं

सह्याद्रीतल्या नव्या घरांचे फोटो बहुतेक ऑक्टोबरात काढलेले असतात. धुऊन निघालेलं आकाश, पिवळं पडू लागलेलं गवत, काळ्या दगडाची भिंत आणि तिच्यामागे तसाच काळा कडा. घर कुठे संपलं आणि डोंगर कुठे सुरू झाला, पटकन कळत नाही. खोपोली, लोणावळा, कर्जत, मुळशी या पट्ट्यात गेल्या वीसेक वर्षांत मुंबई-पुण्याच्या पैशावर जी वास्तुकला उभी राहिली, तिला हे दृश्य फार प्रिय आहे. त्यातलं काही काम खरोखर अव्वल आहे. पण घर डोंगरात मिसळलं की नाही हे ठरवायचं, तर ते जुलैत बघावं, आणि प्लॉटच्या खालच्या अंगाला उभं राहून बघावं.

आपण कुठून इथवर आलो ते आधी आठवू. नव्वदच्या दशकातला डोंगरावरचा बंगला म्हणजे टेकडीचा माथा छाटून केलेलं सपाट मैदान, त्यावर गुलाबी प्लास्टर, सिमेंटच्या कमानी आणि स्लॅबवर नुसती चिकटवलेली लाल कौलं. पुढे लवासा या खासगी हिल स्टेशनच्या प्रकल्पाने तर दासवे गावात इटलीच्या पोर्तोफिनोचा काठ उभा केला. २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने तिथलं काम थांबवलं, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. रंगीत इमारती मात्र मोसे नदीच्या खोऱ्यात तशाच उभ्या आहेत. या पार्श्वभूमीवर एखादा वास्तुकार डोंगराचा रंग, दगड, उतार यांचा विचार करतो, ही मोठी प्रगतीच आहे.

स्पाझ्म या मुंबईच्या संस्थेचं खोपोलीचं घर बघा. कातळावर बसलेलं हे घर त्यांनी काळपट काँक्रीटमध्ये ओतलं. भिंती, छत, कठडे सगळं एकाच काळ्या द्रवातून गोठलेलं. सह्याद्रीचा बेसॉल्ट तरी दुसरा कसा झाला? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गोठत गेला. म्हणजे इथे साम्य रंगापुरतं राहत नाही, घडण्याच्या रीतीपर्यंत पोचतं. पावसाळ्यात अशा भिंतीवर शेवाळ धरलं तरी ते डाग वाटत नाही. पांढऱ्या भिंतीला दर दिवाळीत रंग लागतो, ही भिंत मात्र वयाबरोबर डोंगराच्या जवळ जाते.

आर्किटेक्चर ब्रिओचं कर्जतचं नदीकाठचं घर वेगळ्या वाटेने जातं. ते टेकाडाच्या माथ्याखाली दबून बसलंय. मागून आलात तर छतावरचं गवतच आधी दिसतं, आणि नदीच्या बाजूला पडवीपुढे बांबूंची विरळ रांग आहे. माथा मोकळा ठेवून घर भुवईसारखं उतारावर बसवायचं, ही कल्पना फ्रँक लॉइड राइटने १९११ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ‘टॅलिएसिन’मध्ये वापरली होती. त्या वेल्श नावाचा अर्थच चमकतं कपाळ. आपल्याकडे तर ही कल्पना जास्तच लागू पडते, कारण इथला माथा म्हणजे वाऱ्याने आणि पावसाने सोललेला सडा. मावळातली जुनी वस्ती माथ्यावर क्वचितच सापडते.

मलिक आर्किटेक्चरच्या लोणावळ्याजवळच्या घराचं तर नावच तीन ओढ्यांवरून आहे. जड दगडी भिंती जमिनीशी, हलकं पोलादी छत वर, आणि खोल्या एका ठोकळ्यात न कोंबता उताराच्या वळणाने पसरलेल्या. या तिघांत मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथे डोंगराकडे पाण्याची वाट म्हणून पाहिलं आहे.

आमच्या समीक्षेतून नेमकी हीच गोष्ट सुटते. आम्ही घराचा दर्शनी भाग बघतो, नकाशा बघतो, पण जमिनीसकट घेतलेला उभा छेद क्वचितच मागतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात उतार म्हणजे वरून खाली आणि आतून बाहेर सरकणारं पाणी असतं. त्यात आडवी भिंत घातली की ते दुसरीकडून निघणार.

मुळशी तालुक्यातल्या एका कामावर हे मी जवळून पाहिलं. घरासाठी डोंगर दोन पुरुष उंचीचा उभा कापला होता. वर मुरूम, खाली काळा खडक आणि मध्ये हातभर जाडीचा गेरूसारखा लाल पट्टा. दोन लाव्हाथरांच्या मधला हा चिकणमातीसारखा थर पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावरून ते बाहेर पाझरतं. इंजिनिअरने त्यापुढे भक्कम आरसीसी भिंत उभी केली, पाणी निघायला भोकंही ठेवली. पण भिंतीमागे दगडगोट्यांचा थर भरायचा राहिला. खोदाईची मातीच मागे लोटली आणि भोकं बुजली. पहिल्या पावसात दिवाणखान्याच्या लाद्या उचलल्या गेल्या. फटीत बोटं घालून गवंडी म्हणाला, “ही गळती नाही साहेब, झरा आहे. दिवाळीपातूर चालंल.” भिंतीवर बाहेरून काळ्या बेसॉल्टच्या इंचभर चकत्या चिकटवलेल्या होत्या. फोटोत ते घर डोंगरात पुरतं विरघळलेलं दिसतं.

या चकत्यांनी आपल्या काळाचं मोठं नुकसान केलंय. खोपोलीच्या घराचा धडा साहित्याच्या प्रामाणिकपणाचा होता. नकलाकारांनी त्यातून काळा रंग तेवढा उचलला.

जुन्या घरांत डोंगराची ही समज रोजच्या व्यवहारात मुरलेली होती. दगडी जोतं, वर कारवीचा कूड, मातीशेणाने लिंपलेला, आणि उताराला समांतर लांबट घर. पाख इतका खाली उतरलेला की वळचणीत वाकून शिरावं लागे, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून लांब पडत. पावसाच्या तोंडावर पश्चिमेच्या अंगाला गवताचे तट्टे बांधत. महाबळेश्वरच्या साहेबी बंगल्यांनीही ही गवताची पांघरुणं उचलली होती. ती घरं अंधारी होती, धुराने भरलेली होती, त्यांत परत जा असं मी कुणाला सांगणार नाही. पण त्याच पश्चिमेला आज आपण जमिनीपासून छतापर्यंत काच लावतो आणि वर हातभरही छज्जा ठेवत नाही, याला काय म्हणायचं? दिवसा लपलेलं असं घर रात्री डोंगरभर कंदील होऊन पेटतं. पूर्वी ज्या कड्यावर काळोख असायचा, तिथे आता खालच्या गावातून दिव्यांच्या ओळी मोजता येतात.

बाहेरची दोन उदाहरणं इथे उपयोगी आहेत. श्रीलंकेत दांबुल्लाजवळ जेफ्री बावा यांनी १९९४ मध्ये पुरं केलेलं कंदलामा हॉटेल वेलींनी झाकलं गेलं, म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात. मला त्याचे खांब आवडतात. इमारत उचललेली आहे, कड्यावरून येणारं पाणी तिच्या खालून तलावाकडे जातं. दुसरं, बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने कुमाऊँमध्ये लेती इथे केलेल्या कुटी. तिथपर्यंत वाहनाचा रस्ताच नव्हता, सामान पाठीवरून गेलं. साहजिकच जे वाहून नेता आलं तेवढंच बांधलं गेलं.

आपल्याकडे मात्र घराआधी रस्ता येतो आणि रस्त्याआधी जेसीबी. वास्तुकाराची पहिली रेघ पडण्याच्या आत एजंटाने डोंगराला नागमोडी चरे पाडलेले असतात, आणि सुंदर घराच्या फोटोत ते कधी दिसत नाहीत. १:५ पेक्षा जास्त उतारावर बांधकाम नको हा नियम आपल्याकडे आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटात नवी हिल स्टेशनं नकोत असंही सांगितलं होतं. दरडींखाली गाडलेली घरं आठवा: माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. ती घरं गरिबांची होती, आणि तिन्ही वेळा महिना जुलैच होता. असा डोंगर डोक्यावर असताना मी नव्या घरांपुढच्या पोहण्याच्या तलावाच्या रेषेचं कौतुक करू शकत नाही. उतारावर टनावारी पाणी टांगून ठेवायला धाडस लागत असेल, मला त्यात समज दिसत नाही.

गेल्या जुलैत मुळशीकडचंच आणखी एक घर पाहिलं, कुठल्याही मासिकात न आलेलं. प्लॉटच्या मधून पावसाळी ओहोळ जातो. मालकिणीने एक खोली आणि दारापर्यंत गाडी आणायचा हट्ट सोडला, वास्तुकाराने घराचे दोन तुकडे केले आणि मध्ये लाकडी साकव टाकला. गाडी वर सडकेला, तिथून दगडी पायऱ्यांनी भिजत उतरायचं. मी साकवावरून खाली बांधापर्यंत गेलो. शेजारच्या प्लॉटवर भराव टाकलेला, तिथला ओहोळही बांधाखालच्या त्याच मोरीशी येतो. एक पाणी नितळ, तळाचे गोटे दिसणारं. दुसरं दाट, लाल. दोन्ही मोरीतून पलीकडे एका भातखाचरात पडत होती, आणि इरलं घेतलेला शेतकरी खाचराच्या तोंडाशी साठलेली लाल माती फावड्याने ओढून बांधावर टाकत होता.