विद्रोहाची कसोटी : ग्लेन गूल्डच्या सोनाटा

संकेत मोडणारा प्रत्येक जण विद्रोही ठरत नाही. मोडल्यामुळे काय उघडे झाले, हे विचारावे लागते. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड (१९३२-१९८२) याच्या ध्वनिमुद्रिकांनाही हीच कसोटी लावली पाहिजे.

१९५६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने बेथोव्हेनच्या शेवटच्या तीन सोनाटा (ओपस १०९, ११०, १११) मुद्रित केल्या. सोनाटा म्हणजे वेगवेगळ्या गतींच्या भागांची वाद्यरचना. या तिन्ही १८२० ते १८२२ मधल्या. बेथोव्हेनला तेव्हा जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. भाष्यकारांनी त्यांना ऋषिवाणी ठरवून देव्हाऱ्यात बसवले होते. गूल्डने मुद्रिकेसोबत स्वतः टिपण लिहून या विभूतिपूजेलाच हात घातला.

त्याचे वादन काय सांगते? ओपस ११० च्या अखेरीस एक फ्यूग आहे. एकच सुरावट तीन आवाजांत एकामागून एक येते, पुढे ती उलटी होऊन येते. गूल्डच्या हातून तिन्ही आवाज सारख्याच हक्काने ऐकू येतात. एक मुख्य आणि बाकीचे साथीदार, अशी उतरंड उरत नाही. ओपस १११ चा पहिला भाग मात्र तो सुसाट पळवतो. बेथोव्हेनने वेग आणि आवेग दोन्ही मागितले आहेत. येथे वेगाखाली आवेग चिरडला जातो. संकेत मोडला, पण हाती काही लागले नाही.

पुढे १९६५ ते १९७४ या काळात मोझार्टच्या सोनाटा मुद्रित करताना तो थेट संहितेशी भांडला. के. ३३१ च्या पहिल्या भागात एका सुरावटीची सहा रूपे येतात. पाचव्यावर मोझार्टने ‘आदाज्यो’, म्हणजे संथ, असे लिहिले आहे. गूल्ड मूळ सुरावट अगदी सावकाश सुरू करतो, रूपागणिक गती चढवत नेतो आणि पाचव्यातही थांबत नाही. हे उघड उल्लंघन आहे. पण ती लहर नव्हे. सुट्या रूपांमधून एक सलग चढण ऐकू येते. ती पटो वा न पटो, तिच्याशी वाद घालता येतो.

ग्रंथप्रामाण्य झुगारण्याचा हक्क कलावंताला आहेच. पण कारण देण्याची जबाबदारी त्या हक्कासोबतच येते. काहींनी गूल्डला विक्षिप्त म्हणून मोडीत काढले, काहींनी त्याचीच नवी मूर्ती घडवली. ऐकण्याचे कष्ट दोघांनीही टाळले.