सोयीचं कोर्ट, पण कोणाच्या सोयीचं?

गुंगालिनहून ट्रामने सिव्हिकला आलात की तिथून थोड्याच अंतरावर, तळ्याकाठी, ऑस्ट्रेलियाचं हायकोर्ट आहे. 2002 साली या कोर्टाने दिलेला एक निकाल व्हिसावर दिवस काढणाऱ्या प्रत्येकाला जवळचा वाटेल. स्टुडंट व्हिसावर आलेला एक माणूस 1991 मध्ये पीआरच्या अर्जासाठी न्यू कॅलेडोनियाला गेला, कारण अर्ज देशाबाहेरून करायचा होता. तिथे त्याने भाड्याने रेनो गाडी घेतली, अपघात झाला आणि तो जबर जखमी झाला. पुढे त्याने न्यू साउथ वेल्समध्ये रेनोवर दावा लावला: गाडीतच दोष होता. कंपनी म्हणाली, अपघात तिकडे, गाडी फ्रान्सची, कायदाही फ्रेंच, मग खटला इथे कशाला?

कंपनीच्या या हरकतीला कायद्यात ‘फोरम नॉन कन्विनियन्स’ म्हणतात. म्हणजे कोर्टाला अधिकार आहे, पण खटला दुसरीकडे चालवणं बरं, म्हणून ते तो ऐकत नाही. ऐकायला वाजवी वाटतं. साक्षीदार, कागदपत्रं, घटनास्थळ सगळं परदेशात असेल, तर इथले न्यायाधीश काय करणार? शिवाय जिथे भरपाई जास्त मिळते तिथेच जो तो धावेल, ही भीतीही खोटी नाही.

पण प्रश्न कसा विचारला जातो, यावर बरंच ठरतं. इंग्लंडमध्ये 1986 पासून साधारण असं विचारतात: याहून स्पष्टपणे अधिक योग्य कोर्ट कुठे आहे का? ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने 1990 मध्ये वेगळा प्रश्न निवडला: आमचं कोर्ट या खटल्यासाठी उघडउघड अयोग्य आहे का? नसेल, तर आम्ही ऐकू. रेनो याच प्रश्नावर हरली. फ्रेंच कायदा लावावा लागेल हे कोर्टाने मान्य केलं, पण परका कायदा लावावा लागतो एवढ्यावरून आपलं कोर्ट अयोग्य ठरत नाही, असंही म्हटलं.

ऑस्ट्रेलियाच्या या कसोटीला पुष्कळ अभ्यासक संकुचित म्हणतात. जग तुलना करतंय आणि हे फक्त स्वतःकडे बघतायत, असा आक्षेप आहे. मला तो पटत नाही, आणि त्याचं कारण भोपाळ आहे.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री वायुगळती झाली. भारतातल्या कंपनीचे 50.9 टक्के शेअर अमेरिकेच्या युनियन कार्बाइडकडे होते. भारत सरकारने पीडितांच्या वतीने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. मग जे घडलं ते एखाद्या उपहासनाट्यात शोभावं असं होतं. भारत सरकार म्हणत होतं, आमची कोर्टं हा भार पेलू शकणार नाहीत. युनियन कार्बाइड म्हणत होती, भारताची न्यायव्यवस्था उत्तम आहे. कंपनीच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिलं ते मुंबईचे नामवंत कायदेपंडित नानी पालखीवाला यांनी.

12 मे 1986 रोजी न्यायाधीश जॉन कीनन यांनी कंपनीचं ऐकलं. खटला अमेरिकेत ठेवणं हा साम्राज्यवादाचाच नमुना ठरेल, भारताला स्वतःच्या पायावर उभं राहू द्यावं, असा त्यांच्या निकालाचा सूर होता. वाचताना क्षणभर अभिमानही वाटतो. पण मग लक्षात येतं की हा आदर मागितला कोणी नव्हता, आणि त्याचा फायदा फक्त प्रतिवादीला झाला. शिवाय अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1981 मध्येच ठरवून टाकलं होतं की परदेशी वादीने निवडलेल्या कोर्टाला कमी वजन द्यायचं. म्हणजे तुलना सुरू होण्याआधीच तागडी झुकलेली.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. भारताने 300 कोटी डॉलरहून अधिक मागितले होते. फेब्रुवारी 1989 मध्ये सुप्रीम कोर्टात 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. रक्कम कमी होती, हे तर झालंच. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की अमेरिकेतल्या पालक कंपनीची जबाबदारी किती, यावर भरपाईच्या दाव्यात पूर्ण सुनावणी होऊन निकाल कधी लागलाच नाही.

याच्या शेजारी मुंबईची एक घटना ठेवून बघा. 1 जानेवारी 1978 ला एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं, 213 जण गेले. बोइंग आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवरचा दावा सिॲटलच्या फेडरल कोर्टात चालला. 1985 मध्ये न्यायाधीशांनी निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले. दावा करणारे हरले. पण त्यांच्या आरोपांची तपासणी झाली, आणि का हरलात याची कारणं लेखी मिळाली. परदेशी कोर्ट म्हणजे हमखास भरपाई नव्हे. पण जिथे यंत्र बनलं तिथे बनवणाऱ्याला उत्तर द्यावं लागलं. भोपाळच्या लोकांना एवढंही मिळालं नाही.

म्हणून मी म्हणते, ‘कुठलं कोर्ट चांगलं’ हा प्रश्न कागदावर निष्पक्ष दिसतो, पण त्यात श्रीमंत प्रतिवादीला गरीब देशाच्या कोर्टाची स्तुती करून सुटता येतं. ‘आमचं कोर्ट उघडउघड चुकीचं आहे का’ हा प्रश्न ही पळवाट बरीच अरुंद करतो.

तरी ऑस्ट्रेलियाची फार पाठ थोपटू नका. दार उघडं असलं तरी आत कायदा कुठला लागेल हे वेगळं. यासाठी परदेशात जायची गरज नाही, गुंगालिनहून क्वीनबियनला गेलात तरी पुरे. कॅनबेरात धंदा असलेल्या जॉन फायफर कंपनीचा एक कामगार 1989 मध्ये क्वीनबियनच्या हॉस्पिटलमधल्या कामावर जखमी झाला. दावा कॅनबेराच्या कोर्टात लागला, पण 2000 साली हायकोर्टाने सांगितलं की जिथे दुखापत तिथला कायदा, म्हणजे न्यू साउथ वेल्सचा, आणि त्यात भरपाईवर मर्यादा होती. कामगार भरपाईचे नियम पुढे बदलले, पण हे तत्त्व कायम आहे. रेनोच्या निकालाने तेच परदेशातल्या अपघातांनाही लावलं.

तेव्हा आईबाबांना घेऊन कुठे फिरायला जाल, गाडी भाड्याने घ्याल, क्रूझचं बुकिंग कराल, तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवा: काही झालं तर ऐकणार कोण, आणि कुठल्या कायद्याने? तिकिटामागचा बारीक मजकूर याच दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्या वतीने आधीच देऊन ठेवत असतो. ती एकदा वाचून घ्या. आणि कुणी म्हणालं की तुमच्या देशाची कोर्टं उत्तम आहेत, खटला तिकडेच न्या, तर आधी बघा, म्हणणारा वादी आहे की प्रतिवादी.